कालिपाच्या फाटकाशी चौदा जण

कालिपाला मी पहिल्यांदा भेटले ते प्रयोगाच्या तासभर आधी. आमची नारीन शहरातली नाटक कंपनी उन्हाळ्यात डोंगरातल्या गावांमधून हिंडायची. या गावात ट्रक पोचला तेव्हा माझा घसा पार बसला होता. कुणीतरी तिला बोलावून आणलं. पंचविशीतली, मोठ्या हातांची, बोलायला कमी. तिने माझ्या गळ्याला मेंढीच्या शेपटीची गरम चरबी चोळली, देवदाराची ओली डहाळी पेटवून धूर दिला आणि काहीतरी पुटपुटली. त्या संध्याकाळी मागे घोड्यांवर बसून नाटक बघणाऱ्या लोकांनाच काय, त्यांच्या घोड्यांनाही माझा शब्द न् शब्द ऐकू गेला असेल. पुढे मी याच गावात लग्न करून आले, रंगभूमी सुटली, नवरा गेला, आणि गेली वीस वर्षं आम्ही दोघी शेजारणी आहोत. ती मला अजून नावाने हाक मारत नाही. 'आर्टिस्ट' म्हणते, आणि त्यात मान किती आणि चेष्टा किती, हे तिचं तिलाच ठाऊक.

आमच्या भाषेत औषधपाण्याला 'एम' म्हणतात. कालिपा करायची तेही एम, आणि दवाखान्यात सुई टोचतात तेही एम. एकच शब्द. या शब्दानेच लस आली त्या वसंतात घोटाळा केला.

कालिपाचा हातखंडा म्हणजे भ्यालेली मुलं. कुत्रा अंगावर आला, घोड्यावरून पडलं, की मूल रात्रीचं दचकायला लागतं. मग आई त्याला कालिपाकडे आणायची. मुलाच्या डोक्यावर थंड पाण्याचं भांडं धरून ती त्यात वितळलेलं शिसं ओतायची. चर्र आवाज व्हायचा, शिशाचा काहीतरी आकार बनायचा, आणि तो आकार बघून भीती कशाची ते ती सांगायची. कधी कुत्रा निघायचा, कधी उंट. एकदा ट्रॅक्टर निघाला होता. आणि दर वेळी, अगदी दर वेळी, हात लावण्याआधी ती म्हणायची, "माझा हात नव्हे, उमाय आईचा हात." उमाय आई म्हणजे लेकरांची राखण करणारी. बरं करणाऱ्या सगळ्याच बायका हे म्हणतात. बरं झालं तर तिचं, नाही झालं तरी तिचंच.

मग तो जुलै आला. त्याला आम्ही नुसतं 'जुलै' म्हणतो. वर्ष सांगावं लागत नाही. गावातल्या अकरा घरांतून माणसं साथीत गेली. कालिपाचा नवरा ओमुराली त्यातला सातवा. धिप्पाड माणूस, आयुष्यभर मेंढ्यांमागे चालला, कधी शिंकला नाही. सहा दिवसांत संपला. मातीला चारच माणसं गेली. रडगाणी म्हणायला बायका जमल्या नाहीत, जमू देत नव्हते. कालिपा एकटीच घरात भिंतीकडे तोंड करून गायली. मी माझ्या अंगणात उभी राहून ऐकलं. उभ्या आयुष्यात मी रंगमंचावर किती वेळा विधवा झाले असेन, पण तो आवाज मला कधी लागला नव्हता.

त्यानंतर तिने शिशाची पळी माळ्यावर टाकली. कुणी मूल घेऊन आलं की फाटकातूनच सांगायची, हात दुखतो. कोणता हात, विचारलं तर म्हणायची, दोन्ही.

एप्रिलच्या सुरुवातीला लस आली. मंजुरी मिळून फार दिवस झाले नव्हते. फोनवरून फोनवर काय काय फिरत होतं ते सांगत बसत नाही. खरं सांगायचं तर लोक घाबरलेले कमी आणि थकलेले जास्त होते. जुलैत ज्याने जे सांगितलं ते सगळं करून झालं होतं. आता कुणाचं ऐकायचं एवढाच प्रश्न उरला होता. म्हाताऱ्यांमध्ये एक वाक्य ठरून गेलं होतं: कालिपा घेते का बघू. तिला हे माहीत होतं. मी एकदा विषय काढला तर तिने कणकेचा गोळा परातीत आपटला आणि म्हणाली, "आर्टिस्ट, तुझ्या नाटकात मला पार्ट देऊ नकोस."

एप्रिलच्या शेवटच्या सोमवारी सकाळी ग्रामपंचायतीची गाडी भोंगा लावून फिरली. ड्रायव्हरला आवाजाची फेक म्हणजे काय ते माहीत नव्हतं, त्यात भोंगा मेलेला. ऐकू आलं ते एवढंच: "साठीच्या वरच्या सगळ्यांनी... एम... नऊ वाजता... पासपोर्ट घेऊन..." कुठे, ते वाऱ्याने नेलं. आता आमच्या गावात साठीच्या वरचं माणूस एम घ्यायला चाळीस वर्षं कुठे जात होतं? नऊ वाजता कालिपाच्या फाटकाशी चौदा जण उभे होते, चिखलात, हातात पासपोर्ट, म्हणजे आमची ओळखपत्रं, घेऊन. पंधरावी मी असते, पण मी शेजारीण, माझ्या बाजूने आत आले होते.

कालिपा बाहेर आली. रांग बघितली. पासपोर्ट बघितले.

"काय, मला परदेशी पाठवायला आलात?"

सगळ्यात पुढे सातिन होता. एके काळचा ट्रकवाला, तिच्याहून दोन वर्षांनी लहान, म्हणून तिला एजे, म्हणजे ताई, म्हणायचा. त्याने सांगितलं की सरकारनेच भोंग्यावरून कालिपाचं नाव घेतलं. कुणी म्हणालं, नाव नाही, एम म्हणाले. कुणी म्हणालं, मग तेच ते. घोटाळा ध्यानात आला तेव्हा सगळे हसले, पण हलला मात्र कुणी नाही. दवाखाना गल्लीच्या टोकाला, दोनशे पावलांवर. त्या दिशेला कुणी मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

दारी आलेल्याला भाकरीचा तुकडा तोंडात घातल्याशिवाय परत पाठवत नाहीत, मग तो चुकून आलेला का असेना. कालिपाने सुस्कारा सोडला आणि फाटक उघडलं. नऊ महिन्यांनी. मी चहा केला, तिने नान मोडून पुढे ठेवलं, कालचे बोर्सोक, म्हणजे कणकेचे तळलेले फुगीर तुकडे, होते तेही. चौदा म्हातारी माणसं अंगणात लांब लांब बसली, मास्क हनुवटीखाली ओढून, बशीतल्यासारखा चहा वाटीतून फुरकत. कोकरांचं बोलणं झालं, पाण्याच्या पाळीचं झालं. मग ते संपलं.

सातिनने वाटी उपडी केली. "एजे, गोल गोल नको. तू हो म्हण, आम्ही उठून दवाखान्यात जातो. नाही म्हण, आम्ही घरी जातो. आमची डोकी जुलैत संपली."

"माझं उरलंय असं कुणी सांगितलं तुला?"

"तुझ्या हाताने माझी दोन पोरं वाचली."

कालिपा खाली बसली. मला वाटलं ती उठून आत जाईल. पण ती बोलली, आणि आवाज न चढवता, जणू किती कोकरं झाली ते सांगतेय.

"ओमुरालीने तिसऱ्या दिवशी मला विचारलं, नारीनच्या इस्पितळात जाऊ का म्हणून. पुतण्याने गाडी दारात आणून उभी केली होती. मी म्हटलं, तिथे लोक जिन्यावर निजलेत, तू कुठे जातोस. माझा हात पुरेल तुला." ती थांबली. "माझा हात म्हटलं मी. आयुष्यात पहिल्यांदा. दुसरं कुणाचं नाव घ्यायला सुचलंच नाही. पुतण्या गाडी घेऊन परत गेला. तर आता मला विचारू नका. मी ज्याला सांगितलं तो तिथे कबरीत आहे."

इस्पितळात गेलेल्यांतलेही किती परत आले नाहीत, हे अंगणातल्या प्रत्येकाला माहीत होतं; सातिनचा थोरला भाऊ तिथेच गेला. पण ते तिला सांगून काय होणार होतं. ती हे नऊ महिने स्वतःशी रोज बोलत आली असणार.

अशा वेळी फाटक आपटलं. चोल्पोन आत आली, दवाखान्याची नर्स. पांढऱ्या कोटावर जाड जाकीट, बुटांना घोट्यापर्यंत चिखल. नऊपासून ती वाट बघत बसली होती. दवाखान्यात एक शिक्षक आला, त्याच्यासाठी तिने कुपी फोडली. एका कुपीत दहा जणांची लस, आणि फोडली की दोन तासांत संपवायची, नाहीतर ओतून द्यायची. रजिस्टरात नावं भरगच्च, आणि खुर्च्या रिकाम्या.

"इथे बसलेत होय चहा झोडत? मी तिकडे भिंतीशी गप्पा मारतेय." मग कालिपाला बघून तिचा सूर उतरला, आईच्या वयाच्या बाईला म्हणतात तसं ती 'अपा' म्हणाली. "अपा, तुम्ही पाठवत नव्हतात का यांना?"

कालिपा म्हणाली, "मी बोलावलं नाही, अडवलंही नाही. बस. नान खा."

चोल्पोनने उभ्यानेच एक तुकडा तोंडात टाकला. तिची भीती कालिपाने दोनदा उतरवली होती, लहानपणी. आता तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, चाळिशीच्या आतच. कालिपाने तिला विचारायला सुरुवात केली, एकेक, जनावर विकत घेताना विचारावं तसं. तू घेतलीस का? घेतली, तीन आठवडे झाले. काय झालं? दोन दिवस हात उचलला नाही, एक रात्र ताप. नवीन आहे ना, पुढे काय होईल, माहीत आहे? चोल्पोन म्हणाली, आत्तापर्यंत जेवढं बघितलंय तेवढं माहीत आहे, दहा वर्षांनी काय ते कुणालाच माहीत नाही. आजार काय करतो ते मात्र आपण सगळ्यांनी बघितलंय. मला ते उत्तर आवडलं. तिने कुठेही पदरचं घातलं नाही.

"जुलैत तू कुठे होतीस?" कालिपाने विचारलं. त्यात टोमणा होता, आणि तो लागला.

"अकराही घरांत गेले होते मी, अपा. तुमच्याकडे दोनदा आले. पिशवीत काय होतं माझ्या? ऑक्सिजन भरलेल्या दोन रबरी उशा. एकीकडची काढून दुसरीकडे लावायची." तिने हात झटकून पिठाचे कण पाडले. "आता निदान पिशवीत काहीतरी आहे."

"आणि टोचताना कुणाचा हात म्हणतेस?"

चोल्पोनला प्रश्न कळला. गावातल्या प्रत्येक मुलीला तो प्रश्न समजेल.

"माझा म्हणते, अपा. म्हणावंच लागतं. प्रत्येकाच्या कागदावर खाली माझी सही असते. काही झालं तर लोक माझ्याच दारात येणार."

कालिपाने तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मी नटी आहे, चेहरे बघण्यात जन्म गेला, पण तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी काय होतं ते मी ठाम सांगणार नाही. कीव होती, एवढं नक्की. बाकी कदाचित सोबत मिळाल्यासारखं काही.

"आत जाऊन पासपोर्ट आण माझा," ती मला म्हणाली. "पेटीत, गोधड्यांच्या खाली."

सातिन उठायला लागला तशी ती त्याच्यावर खेकसली. "तू कुठे? मी माझ्यासाठी चाललेय. तुम्हाला मी हो म्हटलेलं नाही, नाही म्हटलेलं नाही. उद्या मेलात तर माझं नाव सांगायचं नाही."

"मेल्यावर कोण सांगतंय," सातिन म्हणाला, आणि गुडघ्यावर हात टेकून उठला.

दोनशे पावलं चालायला आम्हाला पाव तास लागला. चौदातले सात जण आले. बाकीचे सात जण गल्लीच्या वळणावर थांबले, मग मान खाली घालून घराकडे वळले. कालिपाने मागे वळून कोण आलं, कोण गेलं ते बघितलं नाही. दवाखान्यात तिने बाही वर केली. तो मोठा हात, नऊ महिन्यांत किती सुकला होता. सुई टोचली तेव्हा तिने चोल्पोनच्या बोटांकडे निरखून बघितलं, आणि म्हणाली, "हलका आहे." माझ्या ओळखीत तिने कुणाच्या हाताला असं म्हटलेलं नाही. त्यानंतर मी बसले, मग सातिन. शेवटची दोन माणसं झाली तेव्हा कुपी रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी मला काहीच झालं नाही, पण कालिपाला ताप चढला. मी सूप घेऊन गेले तर ती गोधडीखाली थरथरत होती, हाडं दुखत होती, तोंडाला चव नव्हती. चोल्पोन येऊन गोळी देऊन गेली होती, उद्या उतरेल म्हणाली होती. मी खिडकीचा पडदा सारायला गेले आणि बाहेर बघितलं. परत गेलेल्या सातांतल्या दोघी तिच्या फाटकाबाहेर उभ्या होत्या. हातात बादल्या होत्या, पण नळ तिकडे नव्हे. त्या घराकडे टक लावून बघत होत्या.

मी पडदा सोडला. कालिपाने डोळे न उघडता विचारलं, "किती आहेत?"

"दोन."

"मी जिवंत आहे का बघायला आल्यात." मग तिने गोधडी डोक्यावरून ओढून घेतली. मला वाटलं झोपली. "मला उठव."

मी म्हटलं, वेडी आहेस का, अंग तापलंय. ती म्हणाली, सांगायचं नाही एवढंच मी ठरवलं होतं, दिसायचं नाही असं नव्हतं ठरवलं. तिला उठवायला मला दोन वेळा प्रयत्न करावा लागला. खिडकीपाशी उशा रचल्या, पाठीला गोधडीची गुंडाळी दिली, डोक्याला धुतलेला पांढरा रुमाल बांधला. तिथे सकाळचं ऊन डावीकडून येत होतं आणि चेहरा अर्धा काळोखात जात होता, म्हणून मी तिला चार बोटं सरकवलं. एवढं तरी मला येतं. हातात चहाची वाटी दिली. प्यायची नव्हती, नुसती धरायची.

बाहेरच्या दोघींनी तिला बघितलं. एकीने मान हलवली. कालिपाने वाटी किंचित वर उचलली. त्या गेल्या, आणि पाच मिनिटांनी वळणावर सातिनची वहिनी दिसली, तिच्यामागे आणखी एक म्हातारा काठी टेकत.

"आर्टिस्ट," कालिपा ओठ न हलवता म्हणाली, "अजून किती वेळ?"

"दोघं येताहेत."

तिच्या कपाळावर घाम जमला होता, मानेत कंप होता. मी मागून, खिडकीतून दिसणार नाही अशी, तिच्या पाठीला हात लावून बसले. तिने मान सरळ केली.