आनेकलची शांतक्का आणि बाबांचा रेडिओ

बंगळुरूच्या जे. पी. नगरहून आनेकल गावची बस पकडली तेव्हा बाबांचा रेडिओ चादरीत गुंडाळून माझ्या मांडीवर होता. बाबा गेल्यावर पुण्याचं घर रिकामं करताना तो मी भंगारवाल्याच्या हातगाडीवरून परत उचलला होता. बंगळुरूत तीन दुकानदारांनी एकच सल्ला दिला, आतलं सगळं फेका आणि ब्लूटूथ बसवा. मला नुसती पेटी नको होती. चौथ्याने आनेकलच्या शांतक्काच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाचा पत्ता दिला.

"टीव्हीगू टिकेट बेकु (टीव्हीचंही तिकीट लागेल)," कंडक्टर म्हणाला.

"टीव्ही अल्ला (नाही), रेडिओ."

तो हसून पुढे गेला. कारखान्यांच्या भिंती मागे पडल्या, नाचणीची शेतं लागली. स्टँडवर तट्टे इडली (ताटलीएवढी चपटी इडली) खाल्ली आणि दुकान विचारत निघाले.

शांतक्का मूळची निपाणीची, सत्तरीची. नवऱ्यामागे दुकान तिनेच चालवलेलं. माझं मराठी ऐकून खुलली, पण रेडिओ बघताच म्हणाली, "काम बंद केलंय ताई. डोळ्यांना बारीक दिसत नाही."

"मी बघते. तुम्ही सांगा."

तिने स्क्रूड्रायव्हर माझ्यापुढे सरकवला. "सरी (बरं). मागचा पुठ्ठा काढा."

रेडिओवर कंपनीचं नाव नव्हतं. तिने आतला बल्बसारखा काचेचा एक व्हॉल्व्ह उपसून माझ्या हातात दिला. "ह्यावर तोंडाची वाफ सोडा." पुसट आकडे काचेवर उमटले. मी वाचले. तिने पाचही व्हॉल्व्हचे आकडे ऐकले, तळावरून बोटं फिरवली. "साठ वर्षांचा तरी हाय. एकही व्हॉल्व्ह बदललेला नाही. कंडेन्सर मात्र सगळे मेलेत."

दुपारभर मी तिच्याकडचे नवे कंडेन्सर सोल्डरिंगचे डाग देऊन बसवत होते. पहिला डाग तिने नखाने उचकटला. "कच्चा. परत." एक बोट भाजलं. चहा गार झाला.

शेवटी, कुठे शॉर्ट असेल तर कळावं म्हणून तिने रेडिओ एका बल्बमधून विजेला जोडला. बल्ब लखकन पेटला.

"बंद करा! शॉर्ट हाय."

एक कंडेन्सर मीच उलटा जोडला होता. रडू येत होतं.

"शेवटची बस किती वाजता?" मी विचारलं.

"हाय अजून वेळ. स्वल्प (थोडं) हळू करा."

नवा कंडेन्सर घेऊन सुलटा जोडला. या वेळी बल्ब मंदावला. व्हॉल्व्हच्या तारा लालसर झाल्या, घरघर आली, आणि खणखणीत आवाजात कन्नड बातम्या सुरू झाल्या. शांतक्काने पदर डोळ्यांना लावला. "दोन वर्षांनी वाजला माझ्या टेबलावर एक," ती म्हणाली.

निघताना तिने फळीवरचे सहा मुके रेडिओ दाखवले. "रविवारी मोकळ्या असता?"

"असते," मी म्हटलं.

परतीच्या बसमध्ये बाबांचा विचार येत राहिला. माझं प्रत्येक काम तपासायची त्यांची सवय; ते असते तर बातम्या ऐकायच्या आधी त्यांनी रेडिओ उलटा करून माझे डाग तपासले असते. त्यांतले दोन कच्चेच आहेत, असं शांतक्काही म्हणाली. ते मी रविवारी पुन्हा देणार आहे.