साहेबरावाची पाठ

गोजराबाई मला पहिल्यांदा दिसली तेव्हा ती एका धडधाकट गड्याला फुकणीनं मारत होती.

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. मी इलाही मुलाणी, सरकारी दवाखान्यात ड्रेसर होतो. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, आणि ज्यांना उचलून आणता येत नाही त्यांच्यासाठी सायकल हाणत मुठा खोऱ्यातली गावं पालथी घालायची, हे माझं काम. त्या दिवशी एका म्हाताऱ्याला बघायला गेलो, तर दारातच हा तमाशा. म्हातारा शेवटच्या घटका मोजत होता आणि अंगावरचं पांघरूण ओढून टाकतो म्हणून लेकानं त्याचे दोन्ही हात सुतळीनं बाजेला बांधले होते. सुतळी मनगटात रुतून रक्त आलं होतं.

"बापाला दावं लावतुयास व्हय रं? बैल हाय का त्यो?" एकेका शब्दाला लोखंडी फुकणीचा एकेक फटका. मी मधे पडलो, तर एक माझ्याही खांद्यावर बसला.

"तू कोन?"

"दवाखान्यातला."

"मग हुबा काय ऱ्हायलास? त्येचं मनगट बांध."

मी पट्टी सोडवेपर्यंत तिनं फुकणी बाजूला टाकली होती आणि म्हाताऱ्याला कोमट पाण्यानं पुसायला घेतलं होतं. हात तेच, पण इतके हलके झाले होते की म्हातारा डोळे मिटून गप पडला. मला तिचा संताप आला होता, खांदा ठणकत होता, तरी त्या हातांवरची नजर हटेना.

मरायला टेकलेल्या माणसाजवळ बसणं हे गोजराबाईचं काम होतं. कुणी तिला ते दिलं नव्हतं. सासू दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती, ती गेली तेव्हा अंगावर ओरखडासुद्धा नव्हता, हे गावानं बघितलं आणि तेव्हापासून बोलावणी यायला लागली. त्याबदल्यात लोक आवणीच्या वेळी तिच्या भाताच्या खाचरात राबून जात. ती भाताचं तूस चाळून, उन्हात वाळवून जुन्या लुगड्याच्या पिशव्यांत भरायची आणि त्यावर दुखणेकऱ्याला निजवायची. माकडहाड, खांदे, टाचा जिथं टेकतात तिथं मूठ दाबून खळगा करायची. माणसाला कुशीवर वळवलं की खळगे पुन्हा नव्यानं. दिवसातून आठ-दहा वेळा हे चालायचं आणि तोंडानं शिव्यांचा पट्टा सुरू असायचा. दुखणेकऱ्याला नव्हे, घरच्यांना.

सेवा चांगली की वाईट हे मला कागदावर लिहावं लागे, त्यामुळं माझी नजर तयार झाली होती. मी औषधाची बाटली नंतर बघायचो. आधी वास घ्यायचो, मग ओठ ओले आहेत का, पाण्याचं भांडं हाताला लागेल असं आहे का, आणि शेवटी पाठ. गावाची रीत याहून कडक होती. माणूस मेला की अंगणात आंघोळ घालताना त्याची पाठ दिसायची आणि संध्याकाळपर्यंत गावभर व्हायचं, कुणाच्या सुनेनं सासऱ्याला कसं ठेवलं होतं ते. आमच्यात मय्यताला गुस्ल, म्हणजे शेवटची आंघोळ, देणाऱ्यानं जे दिसलं ते पोटात ठेवायचं असतं. इथं त्याच्या उलट. मी आज हे सगळं सांगत बसलोय म्हणजे मीही इकडचाच झालो म्हणायचं.

गोजराबाईनं अशीच एक पाठ बघितली होती, नवऱ्याची. ती मला कोंडिबानं सांगितली. प्रेताला आंघोळ घालायला गावात तोच पुढं व्हायचा.

चौऱ्याहत्तर साली, बांधावरून. तिचा नवरा दामू आणि साहेबराव सख्खे चुलतभाऊ, दोघांची खाचरं लागून. एका सकाळी दामू वाकून बांधाला चिखल लावत होता. साहेबराव मागून आला आणि त्यानं कोयत्याचे तीन घाव घातले. भांडण नाही, बाचाबाची नाही, वाकलेल्या माणसाच्या पाठीत कोयता. साहेबरावाला जन्मठेप झाली. दामूचं प्रेत चिरफाड करून परत आलं तेव्हा अंगणात आंघोळ घालायला घेतलं. "पाणी वाहूनच जाईना रं इलाहीभाई," कोंडिबा म्हणाला. "पाठीत साचायचं, लाल व्हायचं. तीन तांबे वतलं. ती दारात हुबी राहून बघत हुती. बायका म्हनल्या रड, रड. न्हाई रडली."

ती नंतरही रडली नाही. लोक म्हणत, बाई दगड झाली. दगड कसली, निखारा झाली होती.

पंच्याऐंशी साली साहेबराव परत आला. पोटात गाठ, कमरेखाली अंग गेलेलं. दोन महिने काढले तर खूप, म्हणून तुरुंगातून सोडला. त्याला दोन मुलगे, जयसिंग आणि हैबतराव. दोघांनी बापाला गोठ्यात टाकला. पंधरा दिवसांनी मी गेलो तेव्हा त्याच्या अंगाखाली ओला पेंढा होता, तोंडावर माश्या होत्या आणि माकडहाडावर रुपयाएवढी जागा लालभडक झाली होती. आणखी आठवडाभरात ती फुटली असती. मी जयसिंगला म्हणालो, "अरे, जनावर तरी बरं ठेवता की तुम्ही."

"मग न्या तुमच्या घरी," तो म्हणाला.

चार दिवसांनी चावडीत बैठक बसली. भिवाजी पोलीस पाटलानं मलाही बोलावलं होतं. जयसिंग हात जोडून गोजराबाईसमोर उभा. "काकू, तुमच्यावानी कुनाला जमत न्हाई. आमचा बाप तुमीच संबाळा." मला वाटलं, आता फुकणी निघणार.

गोजराबाईनं त्याला नखशिखांत न्याहाळलं. मग म्हणाली, "आना."

पाटलालाही धक्का बसला. "बाई, विचार कर."

"केला. दोन गोष्टी ऐका. दर आठवड्याला ह्यो दवाखान्यातला मानूस यील, त्येची पाठ बघंल आन लिहून तुमाला दील. आन त्यो मेला की आंगूळ माज्या अंगनात. सगळ्या गावानं यायचं. ह्या दोघांनी बी."

लोकांना वाटलं, उद्या आळ येऊ नये म्हणून बाई बंदोबस्त करते आहे. मलाही तसंच वाटलं. आम्ही सगळे शहाणे!

जयसिंगचा डाव मला दुसऱ्याच दिवशी कळला. एस.टी. थांब्याजवळच्या चहाच्या टपरीवर तो भावाला सांगत होता, "आठ दिसांत गळा दाबतीया बघ. बाप सुटंल, ती आत जाईल, आन बांधाकडचं खाचर आपलं." सुंठेवाचून खोकला जाणार होता. मी ऐकलं आणि गप्प बसलो, कारण खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. गळा नाही तर निदान उपास, नाहीतर विष. पहिल्या आठवड्यात गेलो तेव्हा तिनं साहेबरावासाठी आंबेमोहोराची पेज केली होती. मी वाटीत बोट बुडवून चाखली. ती बघत होती.

"मेलास का?" तिनं विचारलं.

मी मान खाली घालून कागद काढला. लाल जागा फिकी पडली होती. तसं लिहिलं.

पण त्या घरात प्रेम होतं असं कुणी समजू नका. माणसं मारतात त्या आवेशानं ती त्याला जगवत होती. साहेबराव सुरुवातीला चळचळा कापायचा, तिनं पळी तोंडाशी नेली की तोंड फिरवायचा. तिसऱ्या आठवड्यात माझ्यादेखत त्यानं तिचा हात चावला. दात अंगठ्यात रुतले, रक्त त्याच्याच हनुवटीवर ओघळलं. "मार की मला!" तो ओरडला. "वयनी, कोयता हितंच हाय तुजा. मार आन मोकळी हो!"

तिनं दुसऱ्या हातानं त्याचा जबडा उघडून अंगठा सोडवला. त्याचं तोंड पुसलं. त्याला कुशीवर वळवलं, तुसात खळगे केले, पांघरूण घातलं. मग भिंतीवरचा कोयता घेतला. ती बाहेर गेली आणि परड्याच्या करवंदीच्या जाळीवर तुटून पडली. काटे, फांद्या, मुळं, काही बघितलं नाही. शिव्या देत, धापा टाकत, घामानं निथळत ती जाळी तोडत राहिली आणि हाताची सालटं निघाली तेव्हाच थांबली. मी पट्टी बांधताना विचारलं, "गोजराबाई, माफ केलंस का त्याला?"

"न्हाई."

"मग कशाला करतेस हे?"

"तुजं काम पाठ बघायचं हाय ना? तेवढं बघ."

आठ दिवसांचे सहा आठवडे झाले. साहेबराव मरेना आणि जयसिंगचा धीर सुटला. मी दुपारी सायकल लावत होतो तेव्हा आतून आरडाओरडा ऐकू आला. जयसिंग दारू पिऊन आला होता. बापाचे पाय धरून त्याला बिछान्यावरून खाली ओढत होता. "दाखवतो गावाला, कसं ठिवलंय ते!" त्याला पाठीवर जखम हवी होती. एक जखम झाली की उरलेली गोष्ट गावानं आपोआप रचली असती. साहेबराव जनावरासारखा किंचाळत होता, आणि पुढं उंबऱ्याचा खडबडीत दगड होता.

गोजराबाई त्याला अडवायला गेली नाही. ती खाली पडली आणि तिनं आपला हात साहेबरावाच्या पाठीखाली सरकवला. जयसिंगनं हिसका दिला तसा तो हात दोन माणसांच्या वजनाखाली उंबऱ्यावरून घासत गेला. जयसिंगनं तिच्या बरगडीत लाथ घातली. दुसरी घालायला पाय उचलला तेवढ्यात तिच्या मोकळ्या हातातली फुकणी त्याच्या मनगटावर बसली. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. तिनं आणखी दोन मारल्या, एक गुडघ्यावर, एक तोंडावर. दात सारवलेल्या जमिनीवर पडला. मी तिला मागून मिठी मारून धरली नसती तर ती त्याच दिवशी आत गेली असती, आणि जयसिंगला हवं ते दुसऱ्या वाटेनं मिळालं असतं.

तिच्या हाताचं कोपरापासून मनगटापर्यंतचं कातडं सोललं होतं. मी बोळा घेऊन वाकलो, तर तिनं मला ढकललं.

"आदी त्येची पाठ बघ."

मी बघितली. काही झालं नव्हतं. सांगितलं तेव्हा तिनं श्वास सोडला आणि बरगडी धरून खाली बसली. त्या मोडक्या बरगडीनिशी तिनं पुढचे तीन आठवडे त्याला वळवलं. दर वेळी कळ येऊन ती विव्हळायची आणि साहेबराव डोळे गच्च मिटून घ्यायचा. मला वाटतं, त्याला तिचा मार सोसला असता. ही कळ सोसवत नव्हती.

नवव्या आठवड्यात, सकाळी, तो गेला. तिनं त्याला भुईवर घेतलं, तोंडात पाणी घातलं आणि मला म्हणाली, "गावाला सांग."

सगळे आले. भिवाजी पाटील होता, हैबतराव होता, हात गळ्यात बांधलेला जयसिंग होता. मी एका बाजूला उभा राहिलो. अंगणात फळी टाकली, पाणी तापलं. कोंडिबानं तांब्या उचलला.

"पालथा करा," गोजराबाई म्हणाली.

"वयनी, मढं पालथं न्हाई घालत."

"करा म्हन्ते ना!"

चौघांनी साहेबरावाला पालथं केलं. हाडांचा सापळा झाला होता, पण पाठीवर कुठं फोड नाही, चट्टा नाही, ती रुपयाएवढी जागासुद्धा भरून आलेली. बायांनी तोंडाला पदर लावले. कुणीतरी पुटपुटलं, देवमाणूस हाय. ते ऐकलं आणि गोजराबाई गरकन वळली.

"कोन देवमानूस? मी? आगं, ह्येला मी रोज मनात तोडलाय. रोज!" तिचा आवाज फाटला. मग तिनं जयसिंगचा धड हात धरून त्याला ओढत फळीपाशी आणलं. "हितं बघ. आकरा वर्सांमागं ह्याच अंगनात तुज्या बापानं मला एक पाठ दिली हुती. सगळ्या गावानं बघितलीया. आज मी तुमची तुमाला देतीया. नीट बघून घ्या."

जयसिंगनं मान खाली घातली. तिनं त्याची हनुवटी धरून वर केली. "बघ म्हन्ते."

त्यानं बघितलं. मग ती कोंडिबाला म्हणाली, "वत."

त्यानं तांब्या कलता केला. पाणी मानेवर पडलं आणि कुठंही न अडता सरळ कमरेपर्यंत वाहत गेलं, स्वच्छ. गोजराबाईनं ते फळीवरून खाली मातीत जाईपर्यंत बघितलं. मग ती अंगणात बसली आणि दामूच्या नावानं पहिल्यांदा रडली.