उरलेला वाटा

आमचे थोरले चुलते, म्हणजे आबा, शेताकडे जाताना कधी पायवाटेने गेले नाहीत. ते बांधावरून चालायचे आणि दर पावलाला टाच दाबून बघायचे. कुठे ढेकूळ निसटलेलं दिसलं की थांबायचे आणि आमच्या घराकडे नजर लावायचे. त्या नजरेने चुलीवरचं दूधसुद्धा नासेल, असं आई म्हणायची.

आमची भातखाचरं कार्ला गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्यापर्यंत उतरत गेलेली. आजोबांच्या मागे आबा आणि माझे वडील वेगळे झाले, तेव्हा त्यांनी प्रत्येक जागेचे दोन तुकडे केले. माळाकडचं मुरमाड, मधलं, आणि ओढ्याकाठचं काळं. तीन जागा, तीन बांध आणि भांडणांना तर गणतीच नाही. मी लोणावळ्याला रेल्वेत लागलो होतो. लावणीला रजा काढून यायचो, ती भात लावायला कमी आणि दोघांच्या मध्ये उभं राहायला जास्त.

एकदा सरकारी माणसं चावडीवर येऊन सांगून गेली, की आपसात अदलाबदल करा, जमीन एका जागी आणा, जबरदस्ती कुणावर नाही. वडील लगेच तयार झाले. आबांनी नकारार्थी मान हलवली. वडिलांना म्हणाले,

"शिरपा, एक खाचर रुसलं तर दुसरं जेवाय घालतं. समदं एका जागी आनलं अन् तेच रुसलं, तर कुनाच्या दारात बसू?"

त्यात खोटं काही नव्हतं. तरी खरं भात पिकायचं ते ओढ्याकाठीच, आणि दोघांचा जीव अडकलेला तोही तिथेच.

त्याच वर्षी लावणीत तिथला बांध फुटला. वडील म्हणाले, पाण्याने फुटला. आबा म्हणाले, तू कोरलास. शब्दाने शब्द वाढला आणि आबांनी फावडं उचललं. वडिलांचे पाय चिखलात रुतलेले, मागे सरायलाही जागा नाही. मी धावलो, पण चिखलात माणूस किती धावणार? फावडं आबांच्या डोक्यावर थरथरत राहिलं, आणि मग त्यांनीच ते बाजूला टाकलं.

भात निघाल्यावर आबा आमच्या दारात आले. आत काही आले नाहीत.

"ज्याची त्याची जमीन एका जागी करू. वाटं मी घालतो, उचल तू. वाटं घालील त्यानं मागनं घ्यावं, ही आपली रीत."

पुढचे दोन दिवस ते एकटेच खुंट ठोकत, उपटत, पुन्हा ठोकत हिंडले. माळाकडच्या वाट्यात त्यांनी मधली सगळी खाचरं घातली. ओढ्याकाठचा वाटा लहान ठेवला. तरीही कोणता उचलावा, हे शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. वाटा उचलायच्या दिवशी चुलती ओढ्याकडे पाठ करून बसल्या होत्या.

वडिलांनी बराच वेळ दोन्हीकडे पाहिलं. मग म्हणाले, "आबा, मी माळाकडचा घेतो."

काळी जमीन हातची जात होती, तरी मला अभिमान वाटला. आबा मात्र उखडले.

"मला भीक घालतूस व्हय? दया करून उचललेला वाटा उद्या भांडान काढतो. तुजी पोरं म्हनतील, आमच्या बानं सोडलं म्हनून आबा जेवला. नीट बघ आन् तुला पायजे तो उचल."

आबा जागचे हलेनात. शेवटी वडिलांनी ओढ्याकाठच्या खुंटावर हात ठेवला.

"बरं झालं," एवढंच म्हणून आबा माळाच्या चढाला लागले. चुलती मागून गेल्या, पण बऱ्याच वेळाने.

पुढे काही वर्षं आबांच्या घरी भात कमी आणि नाचणीची भाकरी जास्त झाली. चुलतींनी त्यांना ऐकवायचं काही बाकी ठेवलं नाही. इकडे वडिलांनाही घास गोड लागेना. एका दिवाळीत ते मला बरोबर घेऊन माळावर गेले.

"आबा, परत बदलू. मला न्हाई सोसत."

आबा नाचणीची कणसं खुडत होते. हात न थांबवता म्हणाले, "नगं. शिरपा, त्या दिवशी फावडं माज्या हातात व्हतं. खाली आलं असतं तर? तवापासनं त्या बांधावर पाय ठेवला की मला माजीच भीती वाटायची. हितं झोप लागती मला."

वडिलांनी बाह्या वर सारल्या आणि ते आबांच्या शेजारी उभे राहून कणसं खुडायला लागले.