वाऱ्याच्या मॅडम

चहा बशीत ओतला की त्या लगेच प्यायच्या नाहीत. बशी डोळ्यांच्या पातळीला धरून हलकेच फुंकर घालायच्या. "पाह्य, सुरकुत्या पडल्या नं? आता जोरानं फुकतो. पाह्य, जास्त पडल्या. समुद्राचं बी असंच हाय."

समोरच्यानं समुद्राबद्दल काही विचारलेलं नसायचं. तो बिचारा विजेचं बिल द्यायला, नाहीतर नळ दुरुस्त करायला आलेला असायचा.

अकोल्याच्या जठारपेठेत, आमच्या शेजारच्या घरात त्या निवृत्त होऊन राहायला आल्या. माहेर मूर्तिजापूरकडचं, शेतकऱ्याचं. लग्न केलं नाही. सगळी नोकरी बाहेरगावी, उपग्रहांच्या कामात गेली; पण बोलणं वऱ्हाडीच राहिलं. आमच्याकडच्या बायांसारखं "मी जातो, मी करतो" म्हणायच्या. काम काय होतं, तर समुद्रावर वारा किती जोराचा आहे ते उपग्रहावरून मोजायचं. उपग्रह वरून पाण्यावर लहरी सोडतो. पाणी गुळगुळीत असेल तर लहरी दुसरीकडेच निसटतात. वाऱ्यानं खरबरीत झालं असेल तर त्यातल्या काही उपग्रहाकडे परत येतात. किती परत आल्या त्यावरून वारा काढायचा. हे मला बशीतल्या चहावरच समजलं.

गल्लीनं त्यांना नाव ठेवलं वाऱ्याच्या मॅडम. त्यांना ते आवडलं असावं, कारण कुरिअरवाल्याला त्या तोच पत्ता सांगू लागल्या.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्यासमोर सैल बोलायची सोय नसते. मी म्हणाले, "आज काय ऊन आहे हो!" की त्या विचारणार, "मोजलं का?" एकदा आमच्या ह्यांनी, लग्नाला हजार माणूस होतं, असं सांगितलं. "मोजलं का?" तेव्हापासून हे त्यांच्यासमोर फक्त "हो" आणि "नाही" एवढंच बोलत.

चौकात वनिताकाकूंचं फुलांचं दुकान. घरची शेती, झेंडू, शेवंती शेतातून येते आणि हार दुकानात होतात. काकूंचा एकुलता एक मुलगा प्रवीण मालवाहू जहाजावर, इंजिनाच्या खोलीत कामाला. काळ्या मातीतलं पोरगं पाण्यावर गेलं, हे काकूंना अजून पचलं नव्हतं. त्या रोज सकाळी मॅडमकडे यायच्या. मॅडम लॅपटॉपवर रंगीत बाणांचा नकाशा उघडायच्या.

"निळे बाण हायत, म्हंजे वारं कमी. निवांत झोपला असन तो."

एवढं ऐकून काकू दुकान उघडायच्या.

आणि एके दिवशी अरबी समुद्रात चक्रीवादळ उठलं. टीव्हीवर तर जणू वादळ बातमीदाराच्याच अंगावर येत होतं. प्रवीणचं जहाज त्याच समुद्रात होतं, आणि त्याचा फोन लागेना. काकू धावतच आल्या. हातात सुई-दोरा तसाच.

मॅडमनी आधी जहाज कंपनीच्या कचेरीला फोन लावून जहाज कुठे आहे ते विचारलं. मग नकाशा उघडला आणि पडद्यावर वाकल्या.

"काय दिसून राहिलं?" काकूंनी विचारलं.

"काही दिसून नाही राहिलं. उपग्रह पट्ट्यापट्ट्यानं मोजते. एक पट्टा जहाजाच्या या बाजूनं गेला, दुसरा त्या बाजूनं. मधात फट हाय. जहाज फटीत हाय."

"एवढं वरतं राहून दिसत नाही?"

मी मॅडमच्या कानाशी लागले. "म्हणा ना, बरा आहे म्हणून. तेवढाच धीर येईल त्यांना."

त्यांनी मान हलवली. "मोजलंच नाही, त सांगू कसं? आज खोटं सांगितलं त उद्या खरं सांगीन तेव्हा वनिता ऐकन काहून?"

काकू उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "तुमाले लेकरू असतं त समजलं असतं."

मॅडमचा चेहरा उतरला. थोड्या वेळानं लॅपटॉप पिशवीत घातला, चपला घातल्या आणि मला म्हणाल्या, "चाल. तिचे हात कापून राहिले, अन् लग्नाच्या हारांची ऑर्डर हाय."

दुकानात त्या काकूंच्या शेजारी जाऊन बसल्या आणि सुई मागितली. काकूंनी न बघता दिली. मॅडमनी ओवलेले हार मी पाहिले. देवानंसुद्धा हसून घातले असते. एक झेंडू सरळ, एक आडवा. काकू ते उसवत आणि पुन्हा ओवत होत्या. त्या उसवाउसवीत त्यांचे हात स्थिर झाले. मध्येच मॅडम लॅपटॉप उघडत, मान हलवत आणि पुन्हा सुई घेत.

संध्याकाळी नवा पट्टा आला. या वेळी जहाजाची जागा त्यात होती. मॅडमनी चष्मा पुसला.

"नकाशातल्या या चौकोनायतली मोजणी पावसानं बिघडली, तिथलं मी सांगत नाही. पन हे पाह्य, वादळाचा डोळा दूर सरकला. जहाजापाशी वारं हाय, चांगलं जोराचं हाय. पोरगं हालून निघालं असन. पन असं वारं मोठं जहाज झेलते."

"मोजलं का?" काकूंनी विचारलं.

"मोजलं."

काकू भिंतीला टेकल्या आणि सकाळपासून पहिल्यांदा पाणी प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. काकूंनी स्पीकर लावला. "आई, मी बरा हाय. पन पोटात काही राहिलं नाही. अख्ख्या जहाजानं उलट्या केल्या, कॅप्टननं बी!"

काकू हसत होत्या, रडत होत्या. तेवढ्यात मॅडम फोनवर वाकल्या. "प्रवीण, जहाजावर वारं मोजते नं? किती होतं रे?"

त्यानं आकडा सांगितला.

"माहं मोजलेलं जरासं कमी निघालं," मॅडम हळहळल्या.

"अवो बाप्पा!" काकू ओरडल्या. "पोरगं जितं हाय, अन् तुमी वारं काय इचारता!"

सगळं दुकान हसलं. माफी कोणी मागितली नाही. काकूंनी शेवंतीचा गजरा उचलला, मॅडमचे केस पुरुषासारखे कापलेले पाहून क्षणभर घोटाळल्या आणि त्यांच्या मनगटावर बांधला. मॅडमनी तो सुकून गळेपर्यंत काढला नाही.

प्रवीण सुट्टीवर आला तेव्हा पेढे आधी मॅडमकडे गेले, मग देवाला.

यंदा अमरावतीच्या एका कॉलेजनं त्यांना शिकवायला बोलावलं. राजापेठेत शिकवणी वर्गांच्या वर खोली मिळाली. टेम्पोत सामान चढलं. गल्ली निरोपाला जमली, तर वनिताकाकू चार दिवसांचे कपडे पिशवीत घेऊन आल्या आणि सरळ पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

"यायले वरण लावता येत नाही. स्वयंपाकघर लावून देतो, मंग येतो."

"वरण येते मले," मॅडम म्हणाल्या.

"मी खाल्लं हाय ते. सरका तिकडे."

टेम्पो निघाला तेव्हा दोघी एकाच वेळी बोलत होत्या. ड्रायव्हर बिचारा समोर पाहत होता. चौकात फुलांच्या दुकानाचं शटर खाली होतं, आणि हार घ्यायला आलेली माणसं मलाच विचारत होती, काकू कधी येणार.

मी सांगितलं, "वरण जमलं की."