निळ्या पेनाची रेघ

सर्जरीच्या वॉर्डात तिला सगळे रेघताई म्हणत. जखमा धुऊन पट्ट्या बांधण्यात तिची सव्वीस वर्षं गेली होती आणि एक सवय तिच्या हाडीमाशी खिळली होती. जखमेभोवती लाली दिसली, की लालीच्या काठाने निळ्या पेनाने रेघ मारायची, शेजारी वेळ लिहायची आणि तासाभराने पुन्हा बघायचं. लाली रेघेबाहेर पडली, तर ती डॉक्टरांच्या हात धुऊन मागे लागे. नवे डॉक्टर हसायचे.

"ताई, नकाशा काढताय का?"

"हो, शत्रू कुठवर आलाय ते बघायला."

सर्दीवर कडक गोळ्या मागणाऱ्यांची तर ती शाळाच घ्यायची. "विषाणू म्हणजे पाकिटातली चिठ्ठी हो. त्याला ना तोंड ना पोट. आपल्या पेशीत शिरतो आणि तिच्याचकडून स्वतःच्या नकला काढून घेतो. या गोळ्या त्याचं काही वाकडं करू शकत नाहीत. जिवाणूचं वेगळं. एकच पेशी, पण संसार पूर्ण. स्वतः खातो, वाढतो, अर्ध्या तासात एकाचे दोन होतात. गोळ्या असतात त्याच्यासाठी. आणि सगळे जिवाणू काही वाईट नसतात, पोटातले तर आपलंच काम करतात."

एवढं जगाला शिकवणाऱ्या बाईच्या घरी मात्र दिव्याखाली अंधार होता. नवरा सुतारमिस्त्री. कानावर पेन्सिल, हातात पटाशी, आणि जखमांवर त्याचा एकच इलाज. कापलं की सदऱ्याला पुसायचं आणि लाकडाचा डिंक भरून दाबून धरायचं. "फळी चिकटते, मग कातडी का नाही चिकटणार?" चाळीस वर्षं काही झालं नव्हतं, त्यामुळे त्याला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. वर बायकोच्या रेघांना नावं ठेवायचा. म्हणायचा, "रेघ चुकली की काम चुकलं."

सोमवारी पटाशी सटकली आणि नडगीवर तांदळाच्या दाण्याएवढी जखम झाली. डिंक भरला गेला. बुधवारी ताप चढला. तेव्हा शेजारीपाजारी अर्धे लोक तापाने पडले होते. "व्हायरल आहे, जाईल," मिस्त्री म्हणाला. आणि राग येतो तो इथे, की रेघताईनेही ते मानलं. घरात पाऊल टाकताना ती आपली नजर बहुधा वॉर्डातच ठेवून येत असावी. जरा पाय दाखवा, एवढंसुद्धा तिने म्हटलं नाही.

गुरुवारी सकाळी ती कामावर निघाली असताना मिस्त्री मोजा चढवायला वाकला आणि ओरडला. तळहातातून खिळा आरपार गेला तेव्हा विनोद करणारा माणूस आता रडत होता. तिने पँट वर केली. डिंकाची चमकती टिकली आणि भोवती हातभर नव्हे, जेमतेम तळव्याएवढी लाली. दिसायला थोडं आणि दुखायला अफाट. वर कमी दिसतं आणि आत जीव जातोय असं दुखतं, तेव्हा घात खोल असतो, हे तिने वॉर्डात पाहिलेलं होतं. तिने रेघ मारली, सात चाळीस लिहिलं.

"तासभर बघू या," मिस्त्री म्हणाला.

"एक मिनिट नाही."

दवाखान्यात पोचेस्तोवर लाली रेघेच्या दोन बोटं बाहेर गेली होती आणि मधला भाग जांभळट पडला होता. नकाशावरून सगळ्यात जास्त हसायची ती सर्जन डॉक्टरीण आली. तिने रेघ पाहिली, वेळ पाहिली, घड्याळ पाहिलं. हसली नाही. "मेलेलं मांस आत्ता कापून काढावं लागेल. पाय जाऊ शकतो. उशीर केला तर जीवही."

"इंजेक्शन द्या की," मिस्त्री कण्हला. "कापाकापी कशाला?"

रेघताईने त्याचा हात धरला. "अहो, जखमेतून शिरलेले हे जिवाणू मांस चावून खात नाहीत. विष सोडतात. त्याने रक्ताच्या बारीक नळ्या बंद पडतात, मांस मरतं. जिथे रक्तच पोचत नाही, तिथे औषध कसं पोचणार? वाळवी लागलेली फळी तुम्ही पॉलिश मारून वाचवता का?"

"नाही. चांगलं लाकूड लागेपर्यंत तासतो."

"तेच करणार आहेत."

मिस्त्रीने सही केली.

हजारोंना धीर दिलेली बाई बाहेरच्या बाकावर बसून होती आणि तिला स्वतःला धीर देता येत नव्हता. बुधवारी एकदा पाय बघितला असता तर. एवढं एकच वाक्य डोक्यात घुमत होतं.

दुपारी डॉक्टरीण बाहेर आली. "पाय ठेवलाय. औषधं जोरात चालू आहेत. लाली मांडीपर्यंत चढली होती, तिथे थोडी उरलीय. ती आणखी वर गेली तर पाय काढावा लागेल. उद्या सकाळी परत बघू." मग तिने खिशातलं निळं पेन पुढे केलं. "ताई, रेघ तुम्हीच मारा."

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिला रेघ मारताना मध्ये दोनदा थांबावं लागलं. रेघ कशीबशी पुरी झाली.

सकाळी तिने चादर उचलली तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते. उघडले. लाली रेघेच्या आत होती, चांगली बोटभर आत. तिने खात्री करायला बोट लावून पाहिलं. तेवढ्यात मिस्त्री जागा झाला आणि मान उचलून मांडीकडे बघत राहिला.

"कोणी मारली ही?" आवाज घोगरा होता.

"मी."

"किती वाकडी आलीय."

ती हमसून हमसून रडली, मग रडतारडता हसली. डोळे पुसून तिने पेन काढलं, लाली जिथवर मागे सरली होती तिथे दुसरी रेघ मारली आणि वेळ लिहिली. ही मिस्त्रीने पास केली.