पाहुणे सर

आमच्या शाळेतली पोरं छडीला भीत नसत. पाहुणे सर घरी जेवायला येतील, याला भीत. मारेगावकडच्या आमच्या हायस्कुलात सर मुख्याध्यापक होते आणि गणितही शिकवत. पोरांनी ठेवलेलं हे नाव आम्हा शिक्षकांच्याही तोंडी बसलं होतं. सरांना जाऊन आता वर्ष झालं. कोणी मारामारी केली की सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून गोड आवाजात म्हणत, "मायले सांगजो, आज मी जेवाले येतो."

सरांना गाडी चालवता येत नसे, म्हणून सारथी मी. शिक्षा पोराला, चंगळ माझी! तुरीच्या सोल्यांची भाजी, भाकर, ठेचा. आई वाढतेय, बाप आग्रह करतोय, सर पिकापाण्यापासून सोयरिकीपर्यंत सगळं बोलताहेत, फक्त गुन्ह्याचं सोडून. समोरचं पोरगं, सर आता सांगतील, मग सांगतील म्हणून नुसती भाकर कुस्करत बसे. आम्ही निघालो की ते फाटकापर्यंत मागे येई आणि रडत कबूल होई.

"घरी सांगत काहून नाही?" मी एकदा विचारलं.

"सांगितलं का बाप बदडते, अन् पोट्टं मोकळं होते," सर म्हणाले.

मग दहावीतल्या एकानं सातवीतल्या मुलाला जिन्यावरून ढकललं. हात मोडला. संस्था म्हणाली, दाखला देऊन काढा. सही सरांची लागणार होती. "आता काढलं तर हे पोरगं पुन्हा शाळेत दिसत नाही," असं म्हणत ते आधी जखमी मुलाच्या घरी गेले. बापानं अंगणात खाट टाकली.

"च्या घ्या, सर. जेवू नाही घालत. जेवले का म्हणसान, 'भाऊ, माफ कर त्याले.' माहं पोरगं शाळेचं नाव काढलं का थरथर कापते."

सरांनी चहा घेतला. वाटेत एवढंच बोलले, "त्याचं बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी सही झाली. दाखला सर स्वतः घेऊन त्या दहावीतल्या मुलाच्या घरी गेले. त्याच्या आईनं तो घेतला, आत ठेवला आणि ताट वाढून आणलं.

"बसा, सर. पोरगं आता घरीच राह्यते, त्याच्यासंगं जेवा."

सर बसले.

पोरगं पुढं दिग्रसला कापसाच्या जिनिंगवर मजुरीला लागलं. सरांनी त्यानंतर कोणाच्या घरी जेवण सांगितलं नाही. गुन्हा झाला की ऑफिसात बोलावून पालकांच्या नावाची नोटीस हातात देत. पोरं ती खिशात कोंबून हसत बाहेर पडत.