जावयासाठी चांगली ब्रँडी

धाकट्या बहिणीचा पुढचा दात पडला, त्याच आठवड्यात आईने ठरवलं की जावयाला यापुढे चांगली ब्रँडी पुरवायची.

आमच्या घरात कुणालाच ते विचित्र वाटलं नाही. वडील लष्करात हवालदार होते. निवृत्त होऊन उंब्रजला आले आणि शेवटपर्यंत रोज संध्याकाळी कॅन्टीनच्या ब्रँडीचे दोन पेग पाण्यातून घेत राहिले. पिऊन झालं की रेडिओ ऐकायचे, भाकरी खायचे, झोपायचे. आईवर त्यांनी कधी हात उगारला नाही. बहिणीचा नवरा आष्ट्याला पंपाच्या जळालेल्या मोटरी वाइंडिंग करून देतो. तो देशीच्या चपट्या प्यायचा आणि बहिणीला मारायचा. आईने ही दोन माणसं शेजारी शेजारी ठेवून पाहिली आणि फरक बाटलीत आहे हे तिचं पक्कं झालं.

"तुमचा बा चांगलं प्यायचा, म्हणून डोकं थंड," ती म्हणाली. "ह्यो घाण पितोय. त्या घाणीनं मेंदू जळतोय माणसाचा."

बहीण तोंडाला ओलं फडकं लावून बसली होती. ती फडक्यातूनच म्हणाली, "मग द्या चांगली. कशानं का हुईना, थांबू दे."

मी शाळांचे गणवेश शिवून देते. चार मशीन आहेत, हाताखाली बायका आहेत. काम ठरलं की ते कोणी, कुठून, कधी करायचं हे मला आधी लिहून काढावं लागतं. तसंच इथेही लिहिलं. लष्करातल्या माणसाच्या विधवेला कॅन्टीनचं कार्ड असतं आणि त्यावर महिन्याला ठरावीक बाटल्या मिळतात. बाजारापेक्षा स्वस्त आणि भेसळीची भीती नाही. आई स्वतः थेंब घेत नाही, त्यामुळे तिच्या वाटच्या बाटल्या आजवर भावकीत जायच्या. त्या पहिल्यांदा बंद केल्या. माझा चुलतभाऊ तणतणत आला.

"काकू, मग आमी काय करायचं?"

"तू बायकूला मारतोस?"

"न्हाई बा."

"मग तुला काय गरज?"

साताऱ्याला कॅन्टीनच्या रांगेत आईच्या पिशवीत बाटल्या बघून मागचा एक निवृत्त सुभेदार म्हणाला, "मावशी, एवढी कुणाला वो?"

"जावयाला."

"घ्या! असली सासू आमच्या नशिबात न्हवती गड्या," तो शेजारच्याला म्हणाला, आणि अख्खी रांग हसली. आईसुद्धा हसली.

कार्डावरच्या बाटल्या महिनाभर पुरणार नव्हत्या. राहिलेल्यांसाठी मी फिरले. कराडच्या दुकानात माल खात्रीचा, पण भाव परवडेना. आष्ट्याच्या जवळ एकजण गाडीच्या डिकीतून गोव्याचा माल विकायचा, जवळपास निम्म्या भावात. एक बाटली हातात घेतली तर झाकण कट्ट न वाजताच फिरलं, म्हणजे सील आधीच तुटलेलं. थेंब तळहातावर चोळून पाहिला. जळक्या साखरेचा वास आणि वर नुसतं पाणी. ती परत केली. शेवटी सांगलीत एक दुकान सापडलं. एकदम खोकं घेतलं तर तो भाव कमी करायचा. काउंटरपुढची माणसं मला बघून बाजूला सरली. दुकानदार बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळत म्हणाला, "केकसाठी का वहिनी?"

"बायकोला मारणाऱ्या माणसासाठी."

त्याला ती थट्टा वाटली. त्याने वर एक प्लास्टिकची पिशवी फुकट दिली.

पहिला महिना शांत गेला. बहीण फोनवर म्हणायची, "रात्री पितोय, जेवतोय, झोपतोय. काय बोलत न्हाई." आईने गावच्या देवीला नारळ फोडला. मी सांगलीच्या दुकानदाराला पुढच्या खोक्याचं सांगून ठेवलं.

मग कॅन्टीनमध्ये नेहमीची ब्रँडी संपली होती म्हणून आईने दुसऱ्या नावाची आणली. मेहुण्याने झाकण उघडलं, दोन थेंब हातावर घेऊन चोळले, नाकाशी नेले. एवढ्या दिवसांत त्याला चव कळायला लागली होती. रविवारी दोस्तांना बोलावून तो सासरच्या मालाचं कौतुक करायचा.

"ही हलकी हाय," तो म्हणाला. "तुझ्या आयनं मला काय हमाल समजलंय का?"

बहिणीचा हात धरून त्याने तो दाराच्या फटीत ठेवला आणि दार लावलं. दोन बोटं मोडली. डॉक्टरला तिने वाऱ्याने दार आपटलं असं सांगितलं.

आईने हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे ती बाटली खराब निघाली."

मी ते नाव माझ्या यादीतून खोडलं. आम्ही अशाच होतो. बोटांना प्लास्टर घालून बहीण समोर बसलेली, आणि आम्ही दोघी ब्रँडीच्या नावांबद्दल बोलत होतो.

त्यानंतर मार वाढतच गेला. बाटली उशिरा पोचली म्हणून, संपली म्हणून, दोस्तांना कमी पडली म्हणून. वाइंडिंगच्या तांब्याच्या तारेची जुडी करून त्याने तिच्या पाठीवर ओढली, तेव्हा ब्लाउज कातडीला चिकटला. मी तो कोमट पाण्याने भिजवून भिजवून सोडवला. बारीक बारीक रेघा होत्या, वहीच्या पानासारख्या. ती ओरडली नाही. "पुढची बाटली वेळंत धाड, आक्का," एवढंच म्हणाली. तिची मुलगी पुण्यात शिकते, तिला यातलं काही सांगू नकोस, तिची परीक्षा आहे, असंही म्हणाली.

पुढच्या रविवारी आई आणि मी एसटीने आष्ट्याला गेलो. कॅन्टीन मोजदादीसाठी बंद होतं आणि सांगलीला जायला मला जमलं नव्हतं, त्यामुळे पिशवीत एकच बाटली होती. सकाळची वेळ. मेहुणा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून चहा पीत बसला होता. कपाळाला गंध.

"या मामी, या. बसा," तो म्हणाला. पिशवी त्याने स्वतःच ओढून उघडली. "एकच?"

"कॅन्टीन बंद हाय," आई म्हणाली. "पुढच्या आठवड्यात आणतो."

"बरं."

त्याने कप बशीत ठेवला, चहा सांडू न देता. उठला, स्वयंपाकघरात गेला. बहीण आमच्यासाठी पोहे परतत होती. मागून तिचे केस धरून त्याने तिचं तोंड ओट्याच्या कडेवर आपटलं. एकदा, आणि मग पुन्हा. कढई खाली पडली. तो बाहेर आला, बसला, आणि कप उचलला.

बहीण दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. भुवई फाटली होती, एक डोळा रक्ताने भरला होता. आईने तिला विचारलं, "आज पिलाय व्हय त्यो?"

"न्हाई."

"रात्रीची उतरली नसंल."

"रात्री घरात थेंब न्हवता, आई."

"मग?"

"मग काय? मारतोय की. कवाबी मारतोय. पिऊन बी मारतोय, न पिता बी मारतोय."

"आता तुमी नका शिकवू तिला," मेहुणा म्हणाला आणि चहाचा घोट घेतला.

आईने पिशवीतली बाटली मानेला धरून काढली. मला वाटलं, ती त्याच्यापुढे ठेवतेय. तिने ती त्याच्या मनगटावर हाणली. कप फुटला, बाटली शाबूत राहिली. चांगल्या ब्रँडीच्या बाटलीची काच जाड असते. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो ओरडून उठला आणि त्याने आईच्या पोटात लाथ घातली. ती भिंतीवर गेली. दुसरा घाव तिने बसल्या बसल्या त्याच्या गुडघ्यावर घातला. तो घाव चुकून टेबलाच्या कडेवर बसला आणि बाटली फुटली. सगळी ब्रँडी तिच्या लुगड्यावर. तो डाव्या हाताने तिचा गळा धरायला वाकला, तेव्हा मी लोखंडी स्टूल उचललं आणि त्याच्या कानामागे घातलं. तो पडला. परत उठायला लागला, तेव्हा परत घातलं. मग तो पडूनच राहिला, शिव्या देत.

बाहेर शेजारी जमले होते. एकाने रिक्षा आणली. मी दाराला बाहेरून कडी घातली आणि तिघी पोलीस ठाण्यात गेलो.

हवालदार समोरच्या कोऱ्या कागदावर वाकला होता. त्याने नाक वर करून वास घेतला. "आजी, तुमच्या अंगाला वास येतोय."

"सांडलीय," आई म्हणाली. "जावयाची हाय."

"बरं." तो बहिणीकडे वळला आणि तिने तोंड उघडायच्या आत लिहायला लागला. लिहिता लिहिता मोठ्याने म्हणत होता, "पती हे दारूच्या नशेत..."

"न्हाई," बहीण म्हणाली.

"काय न्हाई?"

"नशेत न्हवता."

"बाई, समदे तसंच लिवतात. पुढं सोपं जातंय. उद्या त्यो माफी मागंल, बाटली सोडंल, तुमचा संसार..."

"सायब, त्यो चहा पीत हुता," बहीण म्हणाली. सुजलेल्या ओठांतून तिला नीट बोलता येत नव्हतं, म्हणून ती एकेक शब्द सावकाश म्हणत होती. "शुद्धीत हुता. शुद्धीत मारलंय. तसंच लिवा."

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्याने ते शब्द खोडले.

"आणि त्याचं मनगट? शेजाऱ्यांचा फोन आलाय मघाशी," तो म्हणाला.

"ते मी मोडलं," आई म्हणाली. "मीबी शुद्धीत हुते. ते बी लिवा."